शीख गुरूंचं आणि शहिदांचं स्मरण कसं करावं: तारखेपासून छबिलीपर्यंत

आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीचा साचा ठरलेला आहे. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर प्रतिमा, झेंडूचा हार, शेजारी समई, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, मग मनोगतं, शेवटी आभार आणि चहा-बिस्किटं. गुरू तेगबहादूर किंवा छोटे साहिबजादे, म्हणजे गुरू गोबिंदसिंगांचे सरहिंदला मारले गेलेले धाकटे मुलगे, यांच्या स्मरणाचा कार्यक्रम ठरला की शाळा, ग्रंथालय, सोसायटी, सगळीकडे हाच साचा बाहेर निघतो. बोलावलेली शीख मंडळी अवघडून बसतात. भावना चांगली आहे हे त्यांना दिसत असतं, म्हणून बोलत मात्र कोणी नाही.

शीख परंपरेत गुरूंची वाणी म्हणतात, अरदासेत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, शहिदांची आठवण काढतात आणि त्यांच्या नावानं येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी (छबील) नाहीतर जेवण (लंगर) देतात. आठवण ठेवण्याची रीत ही. कार्यक्रम याच क्रमानं आखला तर खर्च कमी होतो, भाषणं आपोआप आटोपशीर होतात आणि कोणाला अवघडायला होत नाही.

आधी शब्द

निमंत्रणपत्रिका छापण्याआधी हे पाहून घ्या, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. गुरूंच्या जन्मदिवसाला प्रकाश पर्व म्हणतात. गुरूंचा देह ठेवण्याला जोती-जोत समाना, आणि गुरू अर्जनदेव व गुरू तेगबहादूर यांच्या बाबतीत शहीदी दिवस. पुण्यतिथी, महानिर्वाण वगैरे शब्द टाळा. प्रकाश पर्वाला शुभेच्छा देता येतात. ‘शहीदी दिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असं मात्र दर वर्षी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतंच, तिथे नुसतं ‘विनम्र अभिवादन’ लिहा.

दहावे गुरू गोबिंदसिंग आहेत, गोविंदसिंग नव्हेत. गुरुग्रंथ साहिबच्या पानाला ‘अंग’ म्हणतात, कारण ग्रंथ हाच १७०८ पासून गुरू आहे. एकूण अंगं १४३०. भाई मतीदास, भाई मनीसिंग यांच्या नावाआधीचं ‘भाई’ ही पदवी आहे. ती गाळू नका आणि तिच्यापुढे ‘श्री’ही जोडू नका. आपण विठ्ठलाला आणि ज्ञानोबाला प्रेमानं एकेरी हाक मारतो. तीच सवय सूत्रसंचालकाच्या तोंडी राहिली आणि ‘गुरू नानक म्हणाला’ असं निघून गेलं, तर ऐकणाऱ्याला ते टोचतं. इथे आदरार्थीच बोलायचं.

तारीख ठरवताना

एकाच दिवसाच्या दोन-तीन तारखा सापडतात आणि त्यातली कुठलीच खोटी नसते. पुस्तकात गुरू तेगबहादूर यांच्या हौतात्म्याची तारीख ११ नोव्हेंबर १६७५ दिसेल, कॅलेंडरवर २४ नोव्हेंबर. पहिली जुन्या ज्युलियन दिनगणनेतली, दुसरी शिखांच्या २००३ च्या नानकशाही कॅलेंडरातली. शिवाय तिथीप्रमाणे तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला येतो. गुरू अर्जनदेवांचं तसंच: पुस्तकात ३० मे १६०६, नानकशाहीत १६ जून, तिथीनं ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी. गुरू गोबिंदसिंगांचं प्रकाश पर्व नानकशाहीत ५ जानेवारीला आणि तिथीनं पौष शुद्ध सप्तमीला. त्यामुळे तिथीप्रमाणे ते २०१७ मध्ये दोनदा आलं आणि २०१८ मध्ये एकदाही आलं नाही.

तिथी बघताना एक खाचखळगा आहे. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही. वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. गुरू हरिकृष्ण यांचं प्रकाश पर्व सावन वदी दशमीला, म्हणजे आपल्या पंचांगात आषाढ वद्य दशमीला शोधायचं. श्रावण वद्यात शोधलं तर महिन्यानं चुकाल.

सोपा नियम असा, की तुमच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात ज्या दिवशी पाळतात तो दिवस धरायचा. महिनाभर आधी जाऊन विचारायचं. त्याच भेटीत रागी जथ्थ्याची, म्हणजे कीर्तन करणाऱ्या गटाची, वेळही ठरवून टाकायची, कारण ऐन गुरुपर्वाला जथ्थे मोकळे नसतात. साहिबजाद्यांच्या स्मरणासाठी २६ डिसेंबर हा वीर बाल दिवस म्हणून २०२२ पासून सरकारी पातळीवर पाळला जातो. शाळांना तो सोयीचा आहे.

कोणाचं स्मरण

एका कार्यक्रमाला एकच व्यक्ती घ्या, फार तर एक प्रसंग आणि त्यातली तीन-चार माणसं. दहा गुरू, पंज प्यारे (खालसाची दीक्षा घेणारे पहिले पाच), महाराजा रणजितसिंग आणि हरिसिंग नलवा असे सगळे तासाभरात बसवायला गेलात तर नुसती यादी होते.

महाराष्ट्रात कार्यक्रम करताना काही नावं आपल्या मातीशी खरोखर जोडलेली आहेत, ती आधी घ्यावीत. संत नामदेव पहिले. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी, पंजाबातलं घुमान आणि गुरुग्रंथ साहिबमधली त्यांची ६१ पदं. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं. मग बंदासिंग बहादूर: राजौरीकडचा लछमनदेव, पुढे माधोदास बैरागी होऊन नांदेडला गोदाकाठी राहिला. १७०८ मध्ये तिथेच गुरू गोबिंदसिंगांची भेट झाली, १७१० मध्ये त्यांनी सरहिंद घेतलं आणि जून १७१६ मध्ये दिल्लीत त्यांना हालहाल करून मारलं. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग हे पंज प्याऱ्यांपैकी दोघं. गुरूंचं जफरनामा हे फारसी पत्र घेऊन ते औरंगजेबाकडे तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आले होते. नगरच्या एखाद्या शाळेला याहून जवळचा विषय कुठला मिळणार? आणि योद्धा माई भागो. मुक्तसरच्या लढाईनंतर गुरूंच्या सोबत त्या नांदेडपर्यंत आल्या आणि पुढे बिदरजवळ जनवाड्याला राहिल्या.

मराठवाडा-विदर्भातल्या बंजारा तांड्यांवर कार्यक्रम असेल तर गुरू तेगबहादूर यांचं धड उचलून आणणारे लखी शाह वंजारा यांच्यापासून सुरुवात करा.

अरदास: तयार नामावली

बहुतेक आयोजक इतिहासाची पुस्तकं धुंडाळत बसतात. प्रत्यक्षात शिखांची स्मरणयादी रोज दोन वेळा तोंडानं म्हटली जाते. तीच घ्या. अरदास सुरू होते ती ‘प्रिथम भगौती सिमरि कै’ या ओळीनं. पुढे गुरू नानकांपासून एकेका गुरूंचं नाव, मग गुरुग्रंथ साहिब, मग पंज प्यारे, चार साहिबजादे, चाळीस मुक्ते. त्यानंतर ज्यांनी नाम जपलं, वाटून खाल्लं, देग चालवली, तलवार चालवली आणि दुसऱ्याचे दोष ‘देख के अणडिट्ठ कीता’, पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांची आठवण. देग म्हणजे लंगरचं भांडं. तलवारीच्या आधी भांडं येतं, हे मुलांना आवर्जून दाखवा.

मग येतो शहिदांचा भाग. त्यात नावं नाहीत, फक्त त्यांच्यावर काय गुदरलं ते आहे. प्रत्येक तुकड्यामागे माणसं उभी आहेत.

‘बंद बंद कटाए’, सांध्यासांध्यावर तोडले गेले: भाई मनीसिंग, हरिमंदिर साहिबचे ग्रंथी. दिवाळीला अमृतसरला मेळा भरवण्याची परवानगी त्यांनी ठरलेली रक्कम देण्याच्या बोलीवर घेतली. मेळ्यावर हल्ला करण्याचा बेत आहे हे कळल्यावर त्यांनीच संगतीला येऊ नका म्हणून कळवलं. पैसे जमले नाहीत आणि लाहोरला त्यांना शिक्षा झाली. साल १७३४, काही पुस्तकांत १७३७ किंवा १७३८. जल्लाद मनगटापासून सुरुवात करायला लागला तेव्हा, हुकूम सांध्यांचा आहे, बोटांपासून सुरू कर, असं त्यांनी सांगितल्याची कथा आहे.

‘खोपरीआं लुहाईआं’: भाई तारूसिंग, लाहोर, १७४५. केस कापू देण्यापेक्षा त्यांनी डोक्याची कातडी जाऊ दिली.

‘चरखड़ीआं ते चढ़े’: भाई सुबेगसिंग आणि त्यांचा मुलगा शाहबाजसिंग, त्याच सुमाराला, लाहोरलाच.

‘आरिआं नाल चिराए गए’: भाई मतीदास, दिल्ली, १६७५. गुरू तेगबहादूर यांच्या डोळ्यांसमोर. त्याच वेळी भाई सतीदास यांना कापसात गुंडाळून जाळलं आणि भाई दयाला यांना उकळत्या कढईत बसवलं.

लाहोरचा सुभेदार मीर मन्नू याच्या कैदेत सवा मण दळण दळणाऱ्या आणि ज्यांच्या लेकरांचे तुकडे करून गळ्यात घातले त्या आयाही काही ठिकाणी अरदासेत येतात. काळ १७४८ ते १७५३.

याचा वापर असा करा. एका कागदावर दोन रकाने पाडा, डावीकडे अरदासेतला तुकडा, उजवीकडे नाव, गाव, साल. पाच जणांनी पाच आवाजांत वाचायचं. प्रत्येक तुकड्यानंतर एक जण ‘बोलो जी वाहेगुरू’ म्हणेल, सगळ्यांनी ‘वाहेगुरू’ म्हणायचं. आठ मिनिटांत होतं. हे वाचन म्हणजे अरदास नव्हे, ती ओळख आहे, असं आधी सांगा. खरी अरदास म्हणायला गुरुद्वाऱ्यातल्या जाणत्या व्यक्तीला बोलवा. ती चालू असताना सगळ्यांनी उभं राहायचं, डोकं झाकलेलं, पायांत चपला नाहीत, हात जोडलेले. लहान मुलं असतील तर मीर मन्नूचा तुकडा गाळला तरी चालेल.

दोन मिनिटं मौन पाळण्याची रीत इथे नाही. त्या जागी मूलमंत्र, म्हणजे गुरुग्रंथ साहिबच्या सुरुवातीच्या ओळी, म्हणतात किंवा ‘वाहेगुरू’चा जप करतात. अरदास संपते ‘नानक नाम चढ़दी कला, तेरे भाणे सरबत दा भला’ या ओळीवर. त्यामुळे निवेदनाला रडका सूर लावू नका. पार्श्वसंगीतात सनई-व्हायोलिनही नको.

मंच आणि बैठक

गुरूंच्या प्रतिमेला हार, कुंकू, नारळ, उदबत्ती नको. घरोघरी दिसणारी गुरूंची चित्रं बहुतेक विसाव्या शतकातली कल्पनाचित्रं आहेत. मंचावर भिंतीला चित्र असेल तर राहू द्या, त्याची पूजा मांडू नका. दीपप्रज्वलनाऐवजी मूलमंत्रानं सुरुवात करा. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब इथे संध्याकाळी दिव्यांची आरती होते, शस्त्रांना चंदन लागतं. ती तिथली जुनी मर्यादा आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ मध्ये मान्य केलेली रहित मर्यादा, म्हणजे शीख आचारसंहिता, तशी नाही. ‘नांदेडला चालतं मग इथे का नाही’ हा वाद मंचावर उकरू नका.

गुरुग्रंथ साहिब सभागृहात आणण्याचा आग्रह धरू नका. त्यासाठी मंजी (ग्रंथाची चौकी), चांदणी (वरचं छत), रुमाले (ग्रंथावरची वस्त्रं), चौर (चवरी), ग्रंथाच्या सेवेला सतत बसणारी जाणकार व्यक्ती आणि अदबीनं आणण्या-नेण्याची व्यवस्था लागते. खाली पार्किंगमध्ये कोणी सिगारेट ओढत असेल अशा इमारतीत हे जमत नाही. ग्रंथाचा प्रकाश, म्हणजे ग्रंथ विधिवत उघडून मांडणं, हवा असेल तर कार्यक्रमच गुरुद्वाऱ्यात करा.

डोकं झाकायला रुमाल लागतात. साधं सुती कापड आणून ७० सेंटिमीटरचे चौकोन कापून घ्या, पाहुणे शंभर असतील तर साठ पुरतात, बाकीचे ओढणी, पदर किंवा स्वतःचा रुमाल वापरतात. फेटा बांधलेला असेल तर वेगळा रुमाल नको. क्रिकेटची टोपी मात्र चालत नाही. आणि एक गोष्ट तोंडावर सांगायला संकोच वाटतो, पण सांगावीच लागते: खिशातली तंबाखूची पुडी, गुटखा, मशेरीची डबी बाहेर ठेवून यायचं. चपलांच्या जागेशेजारी एक टोपली ठेवा आणि वर पाटी लावा. तोंडी सांगण्यापेक्षा पाटी बरी.

कीर्तन चालू असताना आणि झाल्यावर टाळ्या नाहीत. ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ हे सूत्रसंचालकाच्या जिभेवरच असतं, त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. टाळ्यांच्या जागी जयकारा: एकानं ‘बोले सो निहाल’, सगळ्यांनी ‘सत श्री अकाल’. दोन्ही वाक्यं एकट्यानंच माइकवर म्हणून टाकली तर जयकारा पडतो. तालीम घ्या.

शाळांमध्ये सर्रास होणारी चूक वेशभूषेची. एखाद्या मुलाला निळा फेटा, खोटी दाढी आणि बाण लावून गुरू गोबिंदसिंग करतात किंवा चार मुलांना साहिबजादे करून नाटुकलं बसवतात. गुरू आणि त्यांच्या कुटुंबीयांचं सोंग घेणं शीख परंपरेला मान्य नाही. नाट्यच हवं तर कथा निवेदनातून सांगा, मंचावर त्या पात्रांची रिकामी जागा ठेवा आणि भोवतालची सामान्य माणसं दाखवा. सरहिंदच्या ठंड्या बुरुजात कैदेत असलेल्या छोट्या साहिबजाद्यांना आणि त्यांच्या आजी माता गुजरींना दूध पोचवणारे मोतीराम मेहरा, दहनासाठी मोहरा अंथरून जमीन विकत घेणारे टोडरमल. या कथा परंपरेत पक्क्या आहेत आणि मुलांना करायलाही सोप्या.

बारा मिनिटांचं भाषण

वक्त्याला बारा मिनिटांहून जास्त देऊ नका आणि आधीच सांगा की जन्म-शिक्षण-कार्य-समारोप या पद्धतीनं बोलू नका. एक जागा, एक दिवस, एक निर्णय. उदाहरणार्थ दिल्लीचा चांदणी चौक, १६७५. गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला आहे आणि शीर व धड तिथेच पडलं आहे. भाई जैता शीर उचलून आनंदपूरला नेतात. लखी शाह वंजारा आपल्या गाड्यांच्या गर्दीतून धड रायसिनाच्या घरी आणतात. उघडपणे चिता रचता येत नाही, म्हणून स्वतःचं घरच पेटवून देतात. त्या जागी आज रकाबगंज गुरुद्वारा आहे, संसदेच्या शेजारी. शीसगंज गुरुद्वारा चांदणी चौकात. एवढं नीट सांगितलं की बारा मिनिटं संपतात.

तपासून घ्यायच्या जागा या. चमकौरची लढाई, जिच्यात थोरले साहिबजादे पडले, आणि सरहिंद यांचं साल काही पुस्तकांत १७०४, काहींत १७०५ आहे. साहिबजाद्यांची वयंही त्याप्रमाणे बदलतात. साल एका पुस्तकातून आणि वय दुसऱ्यातून घेतलं की हिशेब जुळत नाही, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या. ‘चाळीस’ दोन आहेत: चमकौरच्या गढीत गुरूंसोबत लढलेले, आणि साथ सोडल्याचा बेदावा लिहून देऊन गेलेले पण माई भागोंच्या बोलण्यावरून परत फिरून मुक्तसरला लढलेले. चाळीस मुक्ते म्हणताना सहसा दुसरे अभिप्रेत असतात. चमकौरचे ‘दहा लाख’ शत्रू हा जफरनाम्यातल्या काव्याचा आकडा, खानेसुमारी नव्हे.

आणि भाषण हिंदू-मुसलमान वळणावर नेण्याचा मोह होतो. तथ्यं तसं करू देत नाहीत. सरहिंदच्या दरबारात मुलांना मारण्याविरुद्ध बोलला तो मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान, जो रणांगणात गुरूंच्या विरोधात होता. मारा म्हणून भर घालणारा होता दिवाण सुच्चानंद. भंगाणीच्या लढाईत पीर बुद्धू शाह आपल्या मुलांसह आणि मुरीदांसह (शिष्यांसह) गुरूंच्या बाजूनं उतरले. ही नावं घेतल्याशिवाय सरहिंदची गोष्ट पुरी होत नाही.

शबद निवडणं आणि म्हणणं

ज्यांचं स्मरण, त्यांचीच वाणी. गुरू अर्जनदेवांसाठी अंग ३९४ वरचं ‘तेरा कीआ मीठा लागै’. गुरू तेगबहादूर यांच्यासाठी अंग १४२६ पासूनचे ५७ सलोक. भाषा इतकी सोपी की मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. त्यातला ‘भै काहू कउ देत नहि, नहि भै मानत आन’ हा फलकावर लिहा. नामदेवांसाठी अंग ४८५ वरचं ‘एक अनेक बिआपक पूरक’. भजनी मंडळाला ते चटकन उचलता येतं.

देवनागरीत छापलेली गुरबाणी वाचताना मराठी जीभ एक चूक हमखास करते. शब्दाच्या शेवटी आलेली ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार बहुतेक वेळा उच्चारायचा नसतो, तो व्याकरणासाठी लिहिलेला असतो. ‘सतिनामु करता पुरखु’ असं छापलेलं ‘सतनाम करता पुरख’ असं म्हणायचं, ‘निरवैरु’चं ‘निरवैर’, ‘मूरति’चं ‘मूरत’. तीन वेळा रेकॉर्डिंग ऐकून म्हटलं की बसतं.

छबील

गुरू अर्जनदेवांना लाहोरला भर जेठात तापलेल्या तव्यावर बसवून अंगावर तापलेली रेती टाकली. म्हणून त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थंडगार गोड दूधपाणी द्यायचं. दूधपाण्याला ‘कच्ची लस्सी’ म्हणतात, सगळ्या मांडणीला छबील.

शंभर पेल्यांना, पेला २०० मिलीचा धरून, २० लिटर लागतं. दूध ५ लिटर, पाणी १० लिटर, गुलाबाचं सरबत दीड लिटर म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, साखर पाऊण किलो, बर्फ ५ किलो. बर्फ वितळून चार-साडेचार लिटर भर पडते, ती धरूनच पाणी कमी घेतलं आहे. हे विसरून आधीच १५ लिटर पाणी ओतलं की तासाभरानं नुसतं गुलाबी पाणी उरतं. सब्जा घालायचा तर ५० ग्रॅम अर्धा तास आधी भिजवा.

क्रम महत्त्वाचा. साखर आधी दोन लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, थंड पाण्यात ती तळाशी बसते आणि शेवटच्या वीस पेल्यांना पाक मिळतो. मग उरलेलं पाणी, सरबत, बर्फ. दूध आदल्या रात्री तापवून, साय काढून, फ्रिजमध्ये गार केलेलं असावं आणि ते सगळ्यात शेवटी घालावं. लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत आधी ज्या पातेल्यात होतं तेच न घासता घेतलं तर दूध फाटतं. शंभराहून जास्त माणसं असतील तर एकदम शंभर लिटर कालवू नका, वीस-वीस लिटरचे घाणे करा. कालवलेलं दोन तासांच्या वर उन्हात ठेवू नये. बर्फ खाण्याचाच घ्या. निळसर रंगाचा मिळाला तर तो मासळी आणि माल गार ठेवण्याचा असतो, परत करा.

जागा सिग्नलच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला, जिथे दुचाकी थांबू शकेल अशी. सिग्नलच्या आधी उभे राहिलात तर गाड्या तुंबतात आणि वाहतूक पोलीस येऊन बंद करतात. स्टीलचे साठ पेले आणि तीन टब: पहिल्यात विसळणं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पाणी दर वीस मिनिटांनी बदला. कागदी पेले वापरलेत तर शंभर पावलांवर कचऱ्याचं दुसरं पिंप ठेवा, माणूस पीत पीत पुढे जातो आणि पेला तिथेच टाकतो. साध्या थंड पाण्याचा एक जार वेगळा असू द्या, मधुमेह असलेले लोक अर्धवट हसून नको म्हणत निघून जातात. जूनच्या मध्याला तारीख आली तर आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असू शकतो, ताडपत्री बांधून ठेवा. देणाऱ्यांची डोकी झाकलेली, पेला दोन्ही हातांनी. पैशाचं पेटीबिटी काही ठेवू नये, आणि नगरसेवकाचा फोटो असलेला फ्लेक्स तर नकोच.

कडाह प्रसाद आणि लंगर

कणीक, साखर, तूप तिन्ही समान वजनाचं, पाणी तिप्पट. प्रत्येकी एक किलो घेतलं की साधारण पाच किलो प्रसाद होतो, माणशी ५० ग्रॅम धरून शंभर जणांना. जाडसर दळलेली कणीक घ्या. साखर-पाणी वेगळ्या पातेल्यात उकळून गरम ठेवा, तार धरू द्यायची नाही. जाड कढईत तूप तापवून कणीक मंद-मध्यम आचेवर बदामी रंगावर आणि खमंग वास सुटेपर्यंत भाजा. एक किलोला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हात थांबला की तळ करपतो. मग लांब दांड्याचा झारा धरून, अंग बाजूला ठेवून, गरम पाणी थोडं थोडं ओता. ते जोरात उसळतं. गार पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. कढई सोडून गोळा सुटा झाला आणि कडेनं तूप दिसायला लागलं की झाला. तूप सुटलं म्हणून बिघडला असं समजून कोणी आणखी कणीक भुरभुरतं, तसं करू नका.

आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्याची सवय इथे आड येते. वेलची, केशर, काजू, केळं काही नाही. करताना मूलमंत्र किंवा जपजी म्हणत राहतात. अरदास झाल्यावर पंज प्याऱ्यांचा वाटा आधी काढायचा, मग सगळ्यांना सारखा. घेणाऱ्यानं बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा.

लंगरचं शंभर जणांचं गणित: कणीक १० किलो, डाळ ४ किलो, तांदूळ ४ किलो, भाजी १० किलो. जेवण शाकाहारी. कांदा-लसूण चालतो, उपासाचे पदार्थ करू नका. पंगत हा शब्द दोघांकडे एकच आहे, पण इथे मंचावरच्या पाहुण्यांना टेबल-खुर्ची आणि बाकीच्यांना सतरंजी असं होत नाही. साहिबजाद्यांच्या दिवसांत लंगर साधा ठेवतात, गोडधोड नसतं. दुसऱ्या गुरूंच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरची तुपातली खीर गुरुग्रंथ साहिबच्या अंग ९६७ वर नावानिशी आली आहे. प्रकाश पर्वाला खीर करणार असाल तर ती ओळ वाढताना वाचा.

नांदेडला नेत असाल तर

पहाटे लवकर पोचा. गोदावरीचं पाणी भरून आणणारी गागरिया सागर तेव्हाच बघायला मिळते. मुख्य तख्ताची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधवली. तिथे दर्शन, मग आवारातला माई भागोंचा बुंगा (निवासाची जागा), मग बंदा घाट, नगीना घाट आणि शेवटी माळटेकडी असा क्रम ठेवला तर उन्हाच्या आत घाट होतात. मुलांना बंदा घाटावर बसवून माधोदासाची गोष्ट सांगा, बसमध्ये सांगू नका. लंगरमध्ये जेवल्यावर निदान अर्धा तास ताटं घासण्याच्या रांगेत सगळ्या गटाला उभं करा. परतीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास आधीच धरलेला नसेल तर तोच पहिला कापला जातो.